साथ येण्याआधी घरात एक वही हवी : नागपूरकरांसाठी आरोग्य साक्षरतेच्या सात पायऱ्या

२०२१ च्या एप्रिलमधली दुपार, कोविडची दुसरी लाट. मानेवाड्याकडच्या आमच्या औषधाच्या दुकानासमोर दोरी बांधलेली होती आणि दोरीपलीकडे रांग. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रांगेतल्या एका मुलानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर कुणा तिसऱ्याच माणसाच्या चिठ्ठीचा फोटो होता.

"ताई, हेच सगळं देऊन द्या. आमच्या काकाजीले याच्यानंच बरं वाटलं. आता बाबाले ताप येऊन राहिला."

चिठ्ठीत स्टेरॉइड होतं. मी विचारलं, "बाबांना शुगर आहे?" "हाव, पंधरा वर्षं झाली." ऑक्सिजन किती, ठाऊक नाही. तापाचा आज कितवा दिवस? तिसरा असेल, नाहीतर पाचवा. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मी ते औषध दिलं नाही, तो चिडला, आणि मागच्या रांगेतून "लवकर करा ना" अशी ओरड सुरू झाली. शेवटी एक ऑक्सिमीटर आणि डॉक्टरांचा फोन नंबर देऊन मी त्याला परत पाठवलं.

त्याच आठवड्यात दोन गल्ल्या पलीकडच्या काकूंनी, चौथीपर्यंत शिकलेल्या, आपल्या यजमानांना अगदी योग्य वेळी दवाखान्यात नेलं. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. पण शिक्षण आणि आरोग्य साक्षरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या आठवड्यात काउंटरवर उभं राहून कळलं.

आरोग्य साक्षर माणूस चार कामं करू शकतो : हवी ती माहिती मिळवतो, ती समजून घेतो, खरी-खोटी पारखतो आणि आपल्या घरासाठी वापरतो. साथीत ही चारही कामं घाईत, भीतीत आणि अर्धवट माहितीवर करावी लागतात. तेव्हा शिकायला बसायला वेळ नसतो. म्हणून हा लेख साथ नसतानाच्या दिवसांसाठी आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर पहिली पायरी करून टाका.

पायरी पहिली : घरची आरोग्य वही

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्येही ठेवा, पण वही हवीच. मोबाइलला कुलूप असतं, चार्जिंग संपतं आणि रात्री दोनला आईचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

घरातल्या प्रत्येकाला एक पान. त्यावर वय, वजन, रक्तगट, जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि कोणती लस कोणत्या तारखेला घेतली, एवढं लिहा. मग सध्या चालू असलेली औषधं. इथे बहुतेक जण चुकतात. गोळीच्या पाकिटावर कंपनीनं दिलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि औषधाचं खरं नाव त्याच्याजवळ बारीक अक्षरात. वहीत ते बारीक अक्षरातलं नाव उतरवा : टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००. लॉकडाउनमध्ये नेहमीच्या कंपनीची गोळी मिळेना, तेव्हा कितीतरी लोक "ती पांढरी, गोल, मधात रेघ असलेली" एवढंच सांगत होते. अशा शेकडो गोळ्या आहेत. बारीक अक्षरातलं नाव हाती असलं की दुसऱ्या कंपनीची तीच गोळी काढून देता येते.

प्रत्येकाचा निरोगी असतानाचा आकडाही लिहा : नेहमीचं बीपी, उपाशीपोटीची साखर, ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजन, बसल्या जागी मिनिटाला किती श्वास. एरवी ९८ असणाऱ्याचा ९४ होणं आणि दम्याच्या जुन्या पेशंटचा एरवीच ९४ असणं यात मोठा फरक आहे. तो नवख्या डॉक्टरला सांगणार कोण?

शेवटच्या पानावर फोन नंबर. रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्य सल्ल्यासाठी १०४, मनावर ताण आला असेल तर टेलिमानसचा १४४१६. त्याखाली जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, आशाताईंचा नंबर, आणि रात्री दार वाजवता येईल अशा दोन शेजाऱ्यांचे नंबर. आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स त्याच वहीत खोचून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी त्या लागतात, आणि दाखल करायच्या वेळी कागद शोधण्यात तास जातो.

वर्षातून एकदा वही ताजी करायला एक दिवस ठरवा. आमच्या घरी तो मारबतीचा दिवस आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, रोगराई गावाबाहेर घेऊन जा असं सारं नागपूर तिला ओरडून सांगतं. त्याच संध्याकाळी आम्ही वही काढतो.

पायरी दुसरी : नवा आजार आला की पाच प्रश्न

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं आणि त्याच दिवशी नागपुरात पहिला रुग्ण सापडला. पुढचे काही आठवडे आपण काय केलं? भाजी साबणाच्या पाण्यात धुतली, वर्तमानपत्र बंद केलं, दुधाच्या पिशव्या पुसल्या आणि खिडक्या मात्र लावून घेतल्या. सारी मेहनत मनापासून होती, पण बरीचशी चुकीच्या जागी लागली. आजार पसरतो कसा, हा पहिला प्रश्न विचारायचा राहून गेला होता. खरं सांगायचं तर तज्ज्ञांचं उत्तरही तेव्हा पक्कं नव्हतं. विषाणू हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलं.

नव्या आजाराचं नाव कानावर पडलं की वहीत ही पाच वाक्यं लिहा आणि पुढची जागा रिकामी ठेवा. हा पसरतो कसा? लागण झाल्यापासून किती दिवसांनी लक्षणं दिसतात? लक्षणं दिसण्याआधीच माणूस दुसऱ्याला देतो का? जास्त धोका कुणाला? आणि कोणती खूण दिसली की घरी थांबायचं नाही? उत्तरं पेन्सिलीनं लिहा, बाजूला तारीख टाका. ती बदलणार आहेत.

कोविडची उत्तरं अशी होती : श्वासावाटे, बंद खोलीतल्या हवेतून. लक्षणं २ ते १४ दिवसांत, बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास. हो, लक्षणांच्या आधी एक-दोन दिवसांपासून. धोका वयस्कांना, मधुमेह, हृदयविकार, किडनीचा आजार असलेल्यांना. एवढं लिहून झालं की नियम आपोआप उलगडतात. चौदा दिवसांचं विलगीकरण कुठून आलं ते कळतं, आणि ताप नसतानाही मास्क कशाला ते कळतं. कारण कळलेला नियम माणूस कुणी बघत नसतानाही पाळतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नागपूरच्या घरात कसं वापरायचं, ते कूलरवरून सांगते. आपल्याकडे मार्चअखेर खिडकीला कूलर लागतो. एसी साधारणपणे खोलीतलीच हवा थंड करून परत फिरवतो. खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवलेला कूलर मात्र बाहेरची हवा ओढून आत ढकलतो. म्हणजे श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात असा कूलर आपल्या बाजूचा आहे, पण समोरचं दार किंवा खिडकी उघडी असेल तरच. हवा आत आली तशी ती बाहेर जायला हवी. आजारी माणसाच्या खोलीत कूलर लावा, घराच्या आतल्या बाजूचं दार बंद ठेवा आणि बाहेर उघडणारी दुसरी खिडकी थोडी उघडी ठेवा. कूलर खोलीच्या आतच ठेवला असेल तर तो तीच हवा फिरवत राहतो, त्याचा या कामी उपयोग नाही.

आता आजार बदला. डेंग्यू पसरतो एडिस डासामुळे, आणि हा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याच कूलरची टाकी आता शत्रू झाली. आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करून आतून घासायची, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. मास्कचा इथे काही उपयोग नाही. कॉलरा किंवा पाण्यातून पसरणारी कावीळ असेल तर पाणी उकळणं आणि हात धुणं पहिलं, कूलरचा प्रश्नच नाही. एकच वस्तू एका साथीत औषध आणि दुसऱ्या साथीत घर आजारी पाडणारी. म्हणून "मागच्या वेळी असं केलं होतं" हे नव्या साथीत पुरत नाही.

पायरी तिसरी : मोबाइलवर आलेलं पारखून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेनं फेब्रुवारी २०२० मध्येच इशारा दिला होता की आजाराच्या साथीबरोबर माहितीचीही साथ आली आहे. खरी-खोटी माहिती इतकी की कामाची सापडेनाशी होते. त्या दिवसांत कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो ही अफवा सुटली आणि महाराष्ट्रभर चिकनचे भाव कोसळले. कुक्कुटपालन करणारे विदर्भातले शेतकरीही त्यात भरडले गेले. एका मेसेजनं कुणाचा तरी धंदा बसतो, हे पुढे पाठवायच्या बटणावर बोट ठेवताना आठवा.

पारखायचं कसं? सांगणारा कोण, त्याचं पूर्ण नाव आणि कामाची जागा दिली आहे का, हे आधी पाहा. "मेडिकलच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं" हे नाव झालं नाही. तारीख पाहा. दोन वर्षं जुना स्क्रीनशॉट आजचा म्हणून फिरत असतो. मग किती लोकांवर पाहिलं ते विचारा. "आमच्या काकाजीले बरं वाटलं" म्हणजे एक माणूस, आणि कोविडमधून बहुतेक जण काही न घेताही बरे होत होते. काकाजी काढ्यानं बरे झाले की काढा पीत असताना बरे झाले, हे एका माणसावरून सांगता येत नाही. त्यासाठी दोन सारखे गट लागतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला नाही.

जो मेसेज लगेच घाबरवतो किंवा लगेच निर्धास्त करतो, तो रात्रभर तसाच ठेवा. केंद्र सरकारच्या निर्णयाबद्दलचा दावा असेल तर पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाकडे ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप नंबरवर विचारता येतं.

अर्धं खरं ओळखणं सगळ्यात अवघड. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं २०२१ मध्ये सलाइनच्या गुळण्या करून नमुना घ्यायची आरटी-पीसीआर पद्धत काढली. नाकात काडी घालायची गरज नाही, म्हणून ती सोयीची. आठवडाभरात दुकानात एक गृहस्थ म्हणाले, "नीरीनं सांगितलं, मिठाच्या गुळण्यानं कोरोना मरते." बातमी खरी, संस्था खरी, गुळण्याही खऱ्या. पण गुळण्या तपासणीसाठी होत्या, उपचारासाठी नाही. शंका आली की मथळ्यावर थांबू नका, खालच्या चार ओळी वाचा.

आणि सल्ला बदलला म्हणून रागावू नका. कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी आपण दारोदार फिरलो. मे २०२१ मध्ये तो उपचार देशाच्या मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला, कारण चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. रेमडेसिव्हिर हे इंजेक्शन दाखल रुग्णांना देऊ नये अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये केली होती, आणि २०२२ मध्ये जास्त धोका असलेल्या सौम्य रुग्णांसाठी त्याचीच सशर्त शिफारस झाली. पुरावा वाढला की सल्ला बदलतो. जो माणूस पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच खात्रीचा उपाय सांगतो, त्याच्यापासून जपून राहा.

पायरी चौथी : आकडे वाचायला शिका

तीन गणितं पुरतात.

पहिलं दुपटीचं. शहरात आज १० रुग्ण आहेत आणि दर पाच दिवसांनी संख्या दुप्पट होते असं धरा. तीस दिवसांनी किती? बहुतेक जण साठ-सत्तर म्हणतात. उत्तर ६४० आहे. "आपल्या वॉर्डात दोनच तर आहेत" हे वाक्य म्हणून फसवं असतं. आणि मृत्यूंचा आकडा रुग्णांच्या आकड्याच्या दोन-तीन आठवडे मागून चालतो. मृत्यू कमी आहेत म्हणून निश्चिंत झालो, तर आपण मागच्या पंधरवड्याची बातमी आजची म्हणून वाचत असतो.

दुसरं लसीचं. "दवाखान्यात निम्मे तर लस घेतलेलेच आहेत" असं ऐकलं की समजावण्यासाठी मी पाठकोऱ्या बिलावर हे मांडते. समजा वस्तीत १,००० माणसं, त्यातली ९०० लस घेतलेली. दाखल झाले १९ : ९ लस घेतलेले, १० न घेतलेले. निम्मे-निम्मे दिसतात खरे. पण ९०० तले ९ म्हणजे शंभरात एक, आणि १०० तले १० म्हणजे शंभरात दहा. भागाकार केल्याशिवाय मत बनवायचं नाही.

तिसरं गणित नव्हे, नावाचा घोटाळा आहे, पण त्यानं फार माणसं हैराण झाली. "ताई, सीटी अठरा आला, चांगला की वाईट?" सीटी नावाचे दोन आकडे फिरत होते. सीटी स्कोअर छातीच्या स्कॅनवरून, २५ पैकी. तो जितका जास्त तितकं फुप्फुस जास्त बाधित. सीटी व्हॅल्यू आरटी-पीसीआरच्या अहवालात. ती जितकी कमी तितका नमुन्यात विषाणू जास्त, आणि तेवढ्यावरून आजार किती गंभीर हे ठरत नाही. म्हणजे अठरा हा स्कोअर असेल तर काळजीचा, आणि व्हॅल्यू असेल तर त्या एका आकड्यावर घाबरायचं कारण नाही. अहवाल हाती आला की आकड्याच्या आधी आकड्याचं नाव वाचा.

रॅपिड अँटिजेन निगेटिव्ह आणि अंगात मात्र लक्षणं, तर आरटी-पीसीआर करायची. अंगात विषाणू असूनही ती झटपट चाचणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते.

पायरी पाचवी : घरी मोजायचं कसं

आता काकूंबद्दल. त्यांचे यजमान ६४ वर्षांचे, मधुमेह, खोकला आणि ताप. काकूंनी ऑक्सिमीटर नेला तेव्हा मी त्यांना काउंटरवरच वापरून दाखवला आणि म्हणाले, "आता तुम्ही मला शिकवा." दोन चुका झाल्या, तिसऱ्यांदा जमलं. सातव्या दिवशी सकाळी त्या भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आल्या. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बॉलपेननं बारीक आकडे : ताप, सकाळचा ऑक्सिजन, संध्याकाळचा ऑक्सिजन, चालल्यानंतरचा ऑक्सिजन. ९७. ९६. ९६. ९५. शेवटच्या चौकोनात ९४ आणि त्याखाली दोनदा गिरवलेला ९०. "चालल्यावर उतरून राहिला. मी अजून थांबू का जाऊ?" तासाभरात ते दवाखान्यात होते. तापाचा पहिला दिवस कोणता, हे तिथल्या डॉक्टरांना कॅलेंडरवर एका नजरेत दिसलं. नऊ दिवसांनी ते घरी आले.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. नेलपॉलिश पुसा. बोटावर मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट शोधा. हात गार असेल तर चोळून गरम करा, कूलरसमोर बसलेल्यांचे हात गार असतात. बोट पूर्ण आत, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, हलवायचा नाही. पहिला आकडा लिहू नका, अर्धा ते एक मिनिट थांबून स्थिर झालेला लिहा. तिथे दोन आकडे असतात, ऑक्सिजन आणि नाडी. "ऑक्सिजन ७८ झाला" म्हणून रडत आलेला फोन मी घेतला आहे, ती नाडी निघाली. आणखी एक : गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. दम लागतोय आणि आकडा बरा दिसतोय, तर दमाचं ऐका.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी अशी : बसल्या जागी आकडा घ्या, मग घरातल्या सपाट फरशीवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीनं चालवा, लगेच पुन्हा मोजा. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा तीनपेक्षा जास्त उतरला, किंवा चालताना दम लागला, तर दवाखाना गाठा. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरे. बसल्या जागीच दम लागतोय किंवा दम्याचा आजार आहे, त्यांना चालवू नका. चालवताना कुणीतरी सोबत हवंच.

थर्मामीटरबद्दल थोडं. मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर बंदूक धरून घेतलेलं तापमान फसवतं. सावलीत अर्धा तास बसू द्या, मग काखेत साधा थर्मामीटर लावा. आणि ४५ अंशांच्या उन्हात राबून आलेला माणूस तापानं भणभणतोय, बरळतोय, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे चाचणीची वाट पाहायची नाही. अंग ओलं करा, वारा घाला, १०८ लावा.

कोविडच्या घरगुती विलगीकरणाच्या सरकारी सूचनांत धोक्याच्या खुणा दिल्या होत्या. त्या मी दुकानात चिकटवल्या होत्या, तुम्ही वहीत लिहा : तीन दिवसांहून जास्त काळ १०० अंशांच्या वरचा न उतरणारा ताप, श्वास घ्यायला त्रास, तासाभरात तीनदा मोजून ऑक्सिजन ९३ किंवा कमी, मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, छातीत सतत दुखणं किंवा दाब, गोंधळल्यासारखं वागणं किंवा जागं न होणं. शेवटची खूण घरचेच आधी ओळखतात. "आई आज वेगळंच बोलून राहिली" हे साधं वाक्य डॉक्टरांना जरूर सांगा.

पायरी सहावी : डॉक्टरांसमोर आणि काउंटरवर

प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. हे औषध कशासाठी, किती दिवस, आधीच्या गोळ्यांसोबत चालेल का, काय झालं तर परत यायचं, एवढं विचारा. मग आपल्या शब्दांत परत सांगा : "म्हणजे ही जेवणानंतर, पाच दिवस, आणि दम लागला तर लगेच यायचं, बरोबर?" कुठे चुकत असेल तर तिथेच कळतं. मी काकूंना "मला शिकवा" म्हणाले ते याचसाठी.

आमच्या घरातलंही एक सांगते. माझ्या मावसभावाला एका दवाखान्यात दाखल केलं होतं. चिठ्ठी हातात देऊन बाहेरून इंजेक्शन आणायला सांगितलं. सहा जण दोन दिवस शहरभर फिरलो, पैसे उसने घेतले. मी स्वतः या धंद्यातली, तरी ते इंजेक्शन आत्ता या घडीला यांना का हवं, हे कुणीही विचारलं नाही. मीही नाही. भीतीनं तोंड बंद होतं. म्हणून प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवा, त्या वेळी नुसते वाचून दाखवता येतात.

स्टेरॉइडचं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू कमी करतं. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. हे दुसरं वाक्य मोबाइलवर कधी आलंच नाही. घरोघरी लोकांनी ते घेतलं, साखर वाढली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात नागपुरात काळ्या बुरशीचे रुग्ण मोठ्या संख्येनं दिसले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची मोठी कारणं होती. त्या रांगेतल्या मुलाला मी नाही म्हणाले ते यासाठी.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. पॅरासिटामॉल तापावर चांगलं, पण दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि मोठ्या माणसाला दिवसात चार ग्रॅमच्या वर नको. यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. ते तुमच्या हिशेबात येत नाही, यकृताच्या येतं.

आणि लेबल वाचा, दरवेळी. जानेवारी २०२१ च्या शेवटी विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात पोलिओ डोसाच्या दिवशी १२ लहान मुलांना चुकून सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली. देणारी माणसं शिकलेली आणि आरोग्याच्या कामातली होती. तेव्हा घरात सॅनिटायझर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, खोकल्याच्या औषधाशेजारी तर नाहीच.

पायरी सातवी : मोहल्ला

एकट्याचं घर साक्षर होऊन भागत नाही. भिंतीला भिंत लागून घरं आहेत, नळ एक आहे.

पहिल्या लाटेत लोक लक्षणं लपवत होते, कारण दारावर पट्टी लागली की शेजारी दुधाची पिशवीसुद्धा आणून देईनात. लपवलेला रुग्ण उशिरा दवाखान्यात जातो आणि तोवर घरभर आजार देतो. म्हणजे लाज वाटायला लावणं हेसुद्धा साथ पसरवतं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असताना सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या, आणि त्याच आजारानं १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांचं नाव घेतो, तर आजारी घराच्या उंबरठ्याशी डबा ठेवून दोन पावलं मागं उभं राहून "कसे आहात?" विचारणं तरी जमायला हवं.

दहा घरांचा एक गट करा. बचत गट असेल तर तोच वापरा. गटात दोन माणसं ठरवा : एक आशाताईंकडून आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्राकडून खबर आणणारी, दुसरी ती सोपी करून सांगणारी. कोणत्या घरात एकटे म्हातारे, कुठे गरोदर बाई, कुणाचं डायलिसिस चालू, हे दोघींना ठाऊक असावं, पण त्याची जाहिरात नको. बुद्धविहार, देवळाचा ओटा, मशिदीबाहेरची भिंत, किराणा दुकान, जिथे लोक थांबतात तिथे एक फळा लावा. दिवसाला तीनच ओळी, मोठ्या अक्षरात, तारखेसह. जुनं पुसून मगच नवं लिहायचं.

भाषा लोकांची हवी. आपल्या वस्त्यांत मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, उर्दू सगळंच ऐकू येतं. "लक्षणविरहित रुग्णांनी गृहविलगीकरणात राहावे" हे मराठी वाचणाऱ्यालाही दोनदा वाचावं लागतं. "ताप-खोकला नसला तरी आजार दुसऱ्याला लागू शकतो, म्हणून वेगळ्या खोलीत राहा" हे एकदा ऐकून कळतं. वाचता न येणाऱ्यांसाठी ओळखीच्या आवाजात एक मिनिटाचा निरोप व्हॉट्सॲपवर पाठवा. अनोळखी तज्ज्ञापेक्षा गल्लीतल्या शिक्षिकेचं लोक ऐकतात.

गटात एक ऑक्सिमीटर, दोन थर्मामीटर आणि एक बीपीचं यंत्र सामाईक ठेवलं तरी चालतं. वापरल्यावर पुसायचं आणि कुणी नेलं ते लिहायचं.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची गर्दी ओसरल्यावर, काकू वही घेऊन दुकानात आल्या. यजमानांची बीपीची गोळी बदलली होती, बारीक अक्षरातलं नाव त्यांना वाचता येत नव्हतं. मी लिहून दिलं, त्यांनी ते मला वाचून दाखवलं. जाता जाता म्हणाल्या, "ऑक्सिमीटरचे सेल काढून वेगळे ठेवले, नाहीतर आतच गळून जाते. तुमच्या घरचे काढले का?"

माझे काढायचे राहिले होते. त्याच रात्री काढले.